कलेक्टरला अभिषेक

माझ्या हातून आजवर एकाच कलेक्टरचे प्राण वाचले आहेत, आणि त्याबद्दल माझे खादीवाले मित्र मला अजून क्षमा करायला तयार नाहीत. ती हकिकत पुढे येईलच. आधी धंदा काय ते सांगतो, कारण संपादकांनी तेवढ्यासाठीच लिहायला बोलावलं आहे. "दिवाळी अंकाला तुमच्या चमत्कारिक धंद्याच्या आठवणी द्या, राजकारण शक्यतो टाळा," असा त्यांचा निरोप आहे. अशा आठवणी बहुधा पेन्शनीत निघालेली माणसं लिहितात. मी सव्वीस वर्षांचा आहे. मला पेन्शन द्यायला हे सरकार इथे उरू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, तेव्हा आत्ताच लिहिलेलं बरं.

मी तंजावरात काचेच्या पेट्यांमध्ये मासे ठेवून देतो. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, चार बाजूंना काच, सांध्यांत लुकण, तळाला नदीची धुतलेली वाळू, दोन दगड आणि थोड्या पाणवेली. मासे मद्रासहून डब्यांतून रेल्वेनं येतात. बहुतेक चिनी सोनमासे, लाल, पिवळे, पांढऱ्या ठिपक्यांचे. वकिलांच्या बैठकीत, डॉक्टरांच्या दवाखान्यात, हौशी मिरासदारांच्या घरात अशा पेट्या मी मांडल्या आहेत. दर आठवड्याला सायकलवरून जातो आणि प्रत्येकीची विचारपूस करतो.

हा धंदा मी मद्रासला शिकलो. गेलो होतो कॉलेजात. तिथे एका सभेवरून प्रिन्सिपॉलनं माफी मागायला सांगितली, मी मागितली नाही, आणि पोटासाठी मासे विकणाऱ्या एका दुकानात काचा पुसायला राहिलो. दोन वर्षांनी घरी परतलो तेव्हा बरोबर पदवी नव्हती, दोन डबे होते आणि त्यांत अकरा मासे. माझी आई दारातच म्हणाली, "अय्यो, देशस्थ ब्राह्मणाचं पोर मासे विकणार?"

"खायला नाही, आई. बघायला."

"तेवढं ओरडून सांगत जा रस्त्यात," ती म्हणाली.

मी ओरडून सांगतो. तरी पश्चिम राजवीथीतले आमचे नातेवाईक लग्नात मला पंगतीच्या टोकाला बसवतात आणि पानात कोशिंबीर वाढताना विचारतात, "सेतू, ही चालते ना रे? हिला कल्ले नाहीत."

वाचकांसाठी एक खुलासा. आमचे पूर्वज राजांच्या मागोमाग इथे आले आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठी इथेच राहून गेली. तिच्यात तमिळ मुरलं. पुण्याचा माणूस ती ऐकून आधी हसतो आणि मग आपल्या पणजीची आठवण काढतो. इथली बोलणी मी त्याला कळतील अशी थोडी सोपी करून लिहितो आहे. माझी स्वतःची लेखी मराठी पत्रकांवर वाढलेली आहे. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. पुण्या-मुंबईची मराठी पत्रकं त्यांच्याकडे कुठून कुठून येत. 'जागे व्हा' हे दोन शब्द मी माझ्या नावाच्या आधी वाचायला शिकलो.

लोकांना वाटतं, मासे सांभाळणं म्हणजे त्यांना खायला घालणं. खायला घालून तर ते मरतात! आमचं काम पाणी सांभाळण्याचं. डोळ्यांना सगळं पाणी सारखंच दिसतं, पण तंजावरच्या विहिरीचं पाणी चुन्याचं, जड असतं, कावेरीचं मऊ असतं, पावसाचं त्याहून मऊ. माशाचं सगळं अंग ज्या पाण्यात तो राहतो त्याच्याशी जुळलेलं असतं. पाणी आठवड्याभरात बदललं तर तो निमूटपणे जुळवून घेतो. तेच तासाभरात बदललं तर त्याच्या कल्ल्यांना जणू भाजतं, अंगावर दुधासारखी साय येते आणि तो आडवा होतो. ज्याला ते पाणी प्यायचं आहे त्या माणसाला मात्र फरक कळतही नाही.

हा फरक ओळखायला मी जास्वंदीचं फूल वापरतो. लाल पाकळ्या कागदावर चोळून वाळवायच्या. कागद जांभळट होतो. तो चुन्याच्या पाण्यात बुडवला की हिरवट पडतो, आंबट पाण्यात बुडवला की गुलाबी. कागद म्हणून मी जुन्या पत्रकांचे कोरे समास कापून घेतो. वडिलांना हे पसंत नाही. मी म्हणतो, मजकूर मी पाठ केला आहे, समास कशाला वाया घालवू?

आता गिऱ्हाइकं. पापनाशमला स्टेशनाजवळ एका अय्यरांचा कॉफी क्लब आहे. गाडीला उशीर झाला की लोकांना बसवून ठेवायला त्यांना माशांची पेटी हवी होती. या क्लबात ब्राह्मणांना आत बसवत, बाकीच्यांना बाहेरच्या पडवीत, मध्ये फळ्यांचा आडोसा. अय्यर म्हणाले, पेटी आत मांड. मी म्हटलं, पेटी आडोशातच बसवीन, फळ्या काढून, म्हणजे दोन्हीकडून दिसेल. नाही तर दुसरा माणूस बघा. दुसरा माणूस या जिल्ह्यात नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"तू मासे विकतोस की पत्रकं वाटतोस?" ते ओरडले.

"या खेपेला एकाच पेटीत दोन्ही."

पेटी आडोशात बसली. आता आतले पडवीतल्यांना आणि पडवीतले आतल्यांना पाण्यातून पाहतात. मोठाली, लाटा खाणारी, गमतीदार तोंडं दिसतात आणि दोन्हीकडची पोरं एकमेकांना वेडावून दाखवतात. फळ्या परत बसवा असं अजून कुणी म्हटलेलं नाही. फक्त अय्यर माशांना मेदुवड्याचे तुकडे घालतात आणि पाण्यावर तेलाचा तवंग येतो.

"अय्यर, मासे वडे खात नाहीत हो."

"माझे वडे न खाणारा अजून जन्मला नाही," ते म्हणतात, आणि खरंच, मासे धावत येतात. मग मला पापनाशमला आठवड्यातून दोनदा जावं लागतं.

तिरुवैयारूला गाणं शिकवणारे एक भागवतर आहेत. त्यांचा दावा असा, की त्यांनी तोडी राग आळवायला घेतला की त्यांचे मासे वर येऊन ऐकतात. मी चार वेळा पाहिलं. मासे येत होते ते भागवतरांच्या मांडीवर पडणाऱ्या थापेमुळे. चटई हलायची, पेटीचं पाणी हलायचं, आणि रोज खाणं घालायच्या आधी ते अशीच थाप मारायचे. हे मी त्यांना सांगितलं. महिनाभर त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मग एक दिवस म्हणाले, "ठीक आहे, राग नसेल कळत. पण तालाला तर पक्के आहेत ना? माझ्या शिष्यांपेक्षा बरे." तेव्हापासून आमचं पुन्हा जमलं.

आता रावबहादूर. त्यांचं नाव मी लिहीत नाही. तंजावरात लागत नाही आणि बाहेर उपयोगाचं नाही. तहसीलदारीतून निवृत्त, अंगाखांद्यानं भरदार, मनानं वाईट नाहीत, पण इंग्रज अंमलदाराचं नाव निघालं की खुर्चीत आपोआप ताठ होतात. मला ते 'क्रांतिवीर' म्हणतात. "या क्रांतिवीर, पाणी बघा, आणि पत्रक असेल तर तिण्णैवर ठेवा, आत आणू नका." तिण्णै म्हणजे आमच्या घरांपुढचा ओटा. मी पत्रक ठेवतो आणि ते चोरून वाचतात. चष्म्याचं घर नेहमी त्याच्याखाली सापडतं.

त्यांच्या कूडमात, म्हणजे मधल्या चौकाच्या सोप्यात, मी मांडलेली सर्वांत मोठी पेटी आहे. तिच्यात एकच मासा. वीतभर लांब, शेंदरी, शेपटी रेशमी उपरण्यासारखी. त्याचं नाव रावबहादुरांनी कौतुकानं 'कलेक्टर' ठेवलं होतं. "काय तो रुबाब!" ते म्हणायचे. मलाही नाव पटलं होतं, कारणं वेगळी. हा मासा सकाळी पेटीभर एक फेरी मारायचा आणि मग दगडामागे जाऊन बसायचा. तिथे दिवसभर काय करायचा कुणाला कळत नसे.

कलेक्टरला खरी माया होती ती रावबहादुरांच्या धाकट्या बहिणीची. सुंदरअक्का लहानपणीच विधवा झाल्या आणि भावाच्या घरी आल्या. आता चाळिशीच्या असतील. स्वयंपाक त्यांचा, देवघर त्यांचं, लोणची त्यांची. पण लग्नात, डोहाळजेवणात, नदीच्या पूजेला त्या नाहीत. मासा मात्र त्यांच्या बोटाला येऊन टेकायचा. बाकी कुणी बोट बुडवलं की दगडामागे.

तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी आमच्याकडे नदीचा सण असतो. कावेरीला नवं पाणी आलेलं असतं, गावंच्या गावं काठावर जातात. बायका नदीला ओटी देतात, मंगळसूत्राचा पिवळा दोरा बदलतात, चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा असे रंगीबेरंगी भात काठावर बसून खातात. गेल्या वर्षी त्या दिवशी रावबहादूर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, आणि शेजारचे वकील सहकुटुंब सकाळीच बैलगाड्या जुंपून तिरुवैयारूला गेले. सुंदरअक्का घरी राहिल्या. त्या कायमच राहत.

मी आमच्या ओसरीत लुकण मळत होतो तेव्हा दारात सावली पडली. वर पाहिलं तर सुंदरअक्का. सणाच्या दिवशी, भर उन्हात, आख्खी राजवीथी चालून त्या एकट्या आल्या होत्या. समोरच्या घराच्या दोन खिडक्या तेवढ्यात उघडल्याही होत्या.

"सेतू, चल," त्या म्हणाल्या. "कलेक्टर आडवा झाला."

वाटेत मी सायकल हातात धरून चालत होतो आणि त्या सांगत होत्या. पहाटे अंधारात त्या रोज वडवारूवर, गावाजवळच्या कावेरीच्या कालव्यावर, आंघोळीला जात. आज येताना नव्या पाण्याच्या घागरी भरून आणल्या. सणाला विहिरीतसुद्धा नव्या पाण्याचे चार थेंब टाकतात, गाईला पाजतात, तुळशीला घालतात.

"मग त्या मुक्या जिवानं काय पाप केलंय? म्हटलं, त्यालाही सण होऊ दे. जुनं पाणी काढलं, नवं भरलं."

"किती काढलं?"

"त्याची पाठ बुडेल एवढं ठेवलं."

"अक्का!"

"नवं पाणी गढूळ असतं रे, लाल. त्यात तो दिसेना. म्हटलं अण्णा येईपर्यंत काचेसारखं करून ठेवावं. तुरटीचा खडा फडक्यात बांधून सोडलाय. माझ्या मुठीएवढा."

मी सायकलवर टांग मारली आणि पुढे गेलो.

तुरटीनं गाळ खाली बसतो हे खरं, पण मऊ पाण्यात मुठीएवढी तुरटी म्हणजे पाणी आंबट होतं. कलेक्टर पाण्याच्या वर तोंड काढून कुशीवर पडला होता. पर अंगाला चिकटलेले, शेंदरी रंगावर पांढरी साय. पहिलं काम मी केलं ते हे, की दोरी धरून ती तुरटीची पुरचुंडी एका हिसक्यात बाहेर ओढली आणि अंगणात भिरकावली. मग खिशातला कागद बुडवला. गुलाबी झाला. विहिरीच्या पाण्यात दुसरा बुडवला. हिरवट.

तेवढ्यात अक्का धापा टाकत आल्या. "राहील का रे?"

"श्वास चालू आहे."

"मग उचल त्याला आणि विहिरीच्या पाण्यात टाक! रोजचंच पाणी त्याचं."

कुणीही हेच म्हणेल, आणि यानंच मासा मरतो. एका झटक्यात त्याचं अंग या टोकाला ओढलं गेलेलं असतं. दुसऱ्या झटक्यात त्या टोकाला ओढलं की दोन्हीकडून तुटतं. त्याचं जुनं पाणी त्याला परत द्यायचं, पण असं की त्याला कळू नये. थेंबाथेंबानं, सलग, न थांबता. मी हे सांगितलं आणि सोप्यात नजर फिरवली. तांब्यानं ओतलं तर धार पडते. कापडानं पिळलं तर हात दुखून मध्ये खंड पडतो.

"अक्का, देवघरात महादेवावर गळती आहे ना?"

वाचकांना ठाऊक आहेच, पिंडीवर टांगलेलं, तळाला बारीक भोक असलेलं ते भांडं. त्यातून थेंबथेंब पाणी पडतं. रावबहादुरांची गळती चांदीची होती. तांब्याची असती तर मी मागितलीच नसती. तांबं माशाला सोसत नाही.

"देवावरची?" त्या म्हणाल्या. "माशावर?"

मी वाद घालायच्या तयारीत होतो. या विषयावर मला तीन पत्रकं तोंडपाठ आहेत. पण त्या तोवर देवघरात गेल्या होत्या. आतून आवाज आला, "महादेवा, दुपारपर्यंत कोरडा राहा. रागवायचं असलं तर माझ्यावर रागव." आणि तिवईसकट गळती घेऊन बाहेर आल्या.

पेटीतलं तीन घागरी आंबट पाणी मी काढलं. तिवई उभी केली, गळती विहिरीच्या पाण्यानं भरली, भोकात दर्भाची काडी घालून थेंब जुळवला. उजेडाचा त्रास नको म्हणून पेटीवर ओला पंचा टाकला. श्वासाला मदत म्हणून मी पळीनं पेटीतलंच पाणी उचलून वरून परत सोडत राहिलो. अक्का गळती रिकामी होऊ देत नव्हत्या. विहिरीवर जायच्या, घागर भरून आणायच्या, पंच्याखाली डोकावायच्या.

"सेतू, हा गेला तर अण्णा मला काही बोलणार नाही," मध्येच त्या म्हणाल्या. "तेच वाईट. सगळे म्हणतील, सणाच्या दिवशी हिच्या हातानं झालं. अण्णा तेवढा गप्प बसेल. आणि मग मी पेटीला हात लावणार नाही. तुळशीला लावणार नाही. एकेक करत सगळं सुटेल."

मी पळी चालवत राहिलो.

कागदाचा गुलाबी रंग उतरत जांभळ्यावर आला होता तेव्हा गाड्या परत आल्या. आधी वहिनी आल्या, हातात भाताची भांडी. मागे रावबहादूर, त्यांच्या मागे वकील. सोप्यात तिवई, तिवईवर देवाची चांदीची गळती, खाली ओल्या पंच्याखाली पेटी, एका बाजूला घागर घेतलेल्या अक्का, दुसऱ्या बाजूला उघडाबंब मी.

"हे काय चाललंय?" वहिनी किंचाळल्या. "देवाची गळती?"

"कुणाला अभिषेक?" वकील म्हणाले. त्यांना घाईनं काही कळत नाही, म्हणून वकिली चांगली चालते.

"कलेक्टरला," मी म्हटलं.

रावबहादुरांनी पंचा उचलला आणि त्यांचा चेहरा पडला. अक्कांनी घागर खाली ठेवली, जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं, काही लपवलं नाही. रावबहादूर खरंच गप्प राहिले. मग त्यांनी उपरणं काढून खुंटीला टांगलं, धोतर खोचलं आणि माझ्या हातातली पळी घेतली. "तू थकलास. किती उंचीवरून सोडायचं?"

"वीतभर."

"सुंदर, तुझ्या वहिनीला सांग, गळती उद्या चिंचेनं घासून घेऊ. आणि पाणी आण. थांबू नकोस."

मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवलेली आहेत. त्यातली दोन मी तिथल्या तिथे मागे घेतली.

उन्हं कलली तेव्हा कागद पुसट हिरवा झाला. कलेक्टर कुशीवरचा सरळ झाला होता, पण तळाशी, हालचाल नाही. अक्कांनी बोट पाण्यात बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. बराच वेळ काही झालं नाही. वहिनीसुद्धा जवळ येऊन उभ्या होत्या. मग शेपटी एकदा हलली, दुसऱ्यांदा हलली, आणि तो डुलत डुलत वर येऊन त्या बोटाला टेकला.

अक्का हसल्या, रडल्या आणि लगेच म्हणाल्या, "भूक लागली असेल याला."

"आज काही घालायचं नाही!" मी आणि रावबहादूर एकदम ओरडलो.

मग सगळ्यांना बरं वाटायला लागलं. वहिनींनी उरलेला भात काढला, आम्ही सोप्यातच पानं मांडली. रावबहादुरांना हुरूप आला. चिंचेचा भात कालवत ते मला म्हणाले, "क्रांतिवीर, आज काय शिकलात? थेंबाथेंबानं! एकदम केलं असतं तर मासा मेला असता. स्वराज्याचंही तसंच. सरकार हळूहळू देतंय, तर तुम्ही पोरं घागर उपडी करायला निघालात."

वकील हसले. मी पानावरचा हात थांबवला.

"रावबहादूर, थेंब नंतर आले. मी आल्या आल्या पहिलं काय केलं, विचारा अक्कांना."

"तुरटी काढली," अक्का म्हणाल्या.

"थेंबाथेंबानं?"

"कुठली! हिसडून. अंगणात पडलीय अजून."

"बस्स. ज्यानं पाणी नासलं ते एका हिसक्यात बाहेर. मग पाणी सुधारायला आमचा आम्ही लागेल तेवढा वेळ घेऊ."

वकिलांना हे दोन घासांनी कळलं आणि त्यांना ठसका लागला. रावबहादूर मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "जीभ आहे तुझी, पाणी तपासायच्या लायकीची. बरं, काय देऊ तुला? माग."

मी याच संधीची वाट बघत असल्यासारखा बोललो. "पुढच्या आडीला अक्कांना उजेडात नदीवर न्या. तुमच्याबरोबर, गाडीत."

वहिनींनी मान खाली घातली. रावबहादूर हळूच म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"लोक उद्यापासून म्हणणार आहेत की तुम्ही कलेक्टरला अभिषेक करता. वकीलसाहेब घरी पोचायचा अवकाश."

"मी कशाला सांगेन?" वकील म्हणाले, आणि सगळ्यांना कळलं की ते सांगणार.

रावबहादूर विचारात पडले. माणूस वाईट नाही हे मी वर लिहिलंच आहे. "नेऊ या," ते म्हणाले. "पण बेतानं. पुढच्या वर्षी संध्याकाळी, गर्दी पांगल्यावर. लांबच्या घाटावर. त्याच्या पुढल्या वर्षी जरा लवकर. असं सवयीनं..."

"मला विचारलं का कुणी?" अक्का म्हणाल्या.

आम्ही दोघंही वळलो. त्या घागर घेऊन उभ्या होत्या.

"सेतू, तू मला मागून घेतोस जशी मी गळतीच. आणि अण्णा, तू मला चमच्यानं पाजायला निघालास. दोघंही माझ्या डोक्यावरून बोलताय." माझ्या एकाही पत्रकात हे लिहिलेलं नव्हतं. "नदीला मी रोज जाते. अंधारात जाते, एवढंच. वाट मला माहीत आहे, पाणी मला माहीत आहे. जाईन तर सगळ्यांबरोबर सकाळी जाईन, पुढच्या गाडीत बसेन आणि नारळाचा भात मीच करून नेईन, कारण वहिनी त्यात मीठ विसरते."

"ते खरं आहे," वकील म्हणाले.

"पण सुंदर, एकदम असं..." रावबहादूर म्हणाले.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "मी मासा नव्हे."

आणि गळतीत पाणी ओतायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तंजावरभर झालं, की रावबहादुरांनी चांदीच्या गळतीनं कलेक्टरला अभिषेक केला आणि पुरोहित होता खादीवाला सेतू. वाचनालयात मित्रांनी माझं स्वागत उभं राहून केलं. एकानं विचारलं, "लघुरुद्र की महारुद्र?" मी मासा आहे, मासा आहे म्हणून सांगत सुटलो. "आधी मासे विकायचास, आता अंमलदारांना मासे म्हणतोस, प्रगती आहे," ते म्हणाले. तिकडे कचेरीतल्या एका कारकुनानं रावबहादुरांना रस्त्यात गाठून विचारलं, की खऱ्या कलेक्टरसाहेबांना याचा प्रसाद पाठवायचा झाला तर कसा पाठवावा. रावबहादूर त्या दिवशीपासून माशाला नुसतं 'तो' म्हणतात. नाव बदलायचा प्रयत्नही झाला, पण अक्कांनी ऐकलं नाही.

यंदाच्या आडीला त्या गेल्या. पुढच्या गाडीत, पुढे. मी तिरुवैयारूला भागवतरांची पेटी बघायला म्हणून गेलो होतो. सणाच्या दिवशी कशाला गेलो ते विचारू नये. घाटावर दोन म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. एकीनं थोड्या वेळानं तोंड परत वळवून भात मागितला, कारण वास तिच्यापर्यंत पोचला होता. अक्का गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या, ऊन तोंडावर घेत. त्यांनी मला पाहिलं आणि हाक मारली, "सेतू! जरा ही घागर धर, जड आहे."

ती घागर घरी येऊन आठ दिवस सोप्यात उघडी राहिली. गाळ आपोआप बसला. तुरटीचं नाव त्या घरात कुणी काढत नाही. मग एक दिवस मी गेलो तेव्हा तिवई उभी होती आणि चांदीच्या गळतीतून नव्या पाण्याचा एकेक थेंब पेटीत पडत होता. या खेपेला वहिनींनीच ती देवघरातून काढून दिली होती. मी कागद बुडवला. तसूभर फरक नव्हता.

"त्याचा सण झाला," अक्का म्हणाल्या. "त्याला पत्तासुद्धा नाही."

कलेक्टरनं पेटीभर आपली फेरी मारली, त्यांच्या बोटाला टेकला आणि दगडामागे गेला. मी उभा राहून बघत होतो. सगळ्या कलेक्टरांनी या देशातून जावं, आणि लवकर जावं, हे माझं मत संपादकांची माफी मागून इथे पुन्हा नोंदवतो. हा एक तेवढा राहू द्यावा.